तुलनेची बाई

डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि खाली ठेवलाच नाही. एवढंच झालं. सुनेने सुई काढून घेतली होती, कापसाचा बोळा दाबला होता. आता हात सोडायचा आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचं, अशी तिथली रीत मी सकाळपासून बघत होते. पण या मोठ्या बाई मधेच आल्या आणि माझा पंजा आपल्या दोन्ही पंजांत धरून उभ्या राहिल्या, बाजारात भोपळा तोलावा तशा. उलटा केला, सुलटा केला, पेरांवरून अंगठा फिरवला. "मावशी, अंगठी नाही घालत?" म्हणाल्या. मी म्हटलं, घालत होते, पण सोनाराला कापून काढावी लागली, कामाने बोटं फुगतात. "आणि चपला? माप बदललं का?" बदलणारच, मी म्हटलं, पाय काय खुंटीला टांगून ठेवलेत का मी, उभं राहून जन्म गेला. त्या हसल्या, पण हसताना त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत नव्हते. कपाळावर होते, नाकावर होते, मग हनुवटीवर येऊन थांबले. ही नजर मी ओळखते. धुऊन आलेली चादर उजेडात धरून मी अशीच बघते, की डाग गेलाय का नुसता पसरलाय. मला चादर झाल्यासारखं वाटलं, आणि ते मुळीच आवडलं नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी तिथे आजारी म्हणून गेले नव्हते. माझी सून त्या इस्पितळाच्या संशोधनाच्या विभागात रक्त काढायचं काम करते. घरात मी तिला सुई म्हणते, कामावरून, बांध्यावरून आणि बोलण्यावरूनही. बोलते थोडं, पण टोचतं. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. डोक्यातल्या एका ग्रंथीचे रोगी आहेत, त्यांचं रक्त तपासतात. पण नुसतं रोग्यांचं तपासून कळत नाही, तुलनेसाठी निरोगी माणसं लागतात. तुमच्या वयाची मिळतच नाहीत." मी विचारलं, का, मेली का सगळी? "आहेत, पण कुणाला काही, कुणाला काही. तुमच्यासारखं खणखणीत कोण आहे?" तुलना हा शब्द येण्याच्या आधीच माझी शाळा सुटली होती. म्हणजे काय ते विचारलं. तर म्हणाली, तुमच्या मापाने बाकीच्यांना मोजायचं. झालं, मी जिंकले गेले. माझ्या सासूने जन्मभर मला थोरल्या जावेच्या मापाने मोजलं, तिचा रंग, तिच्या हाताची चव, तिचं खाली मान घालून बसणं. आता एक अख्खं इस्पितळ माझ्या मापाने लोकांना मोजणार होतं. मी लाँड्री चालवते, तिथे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. आमची इस्त्रीवाली पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे आणि माझी भीती वाटत नाही असं तोंडावर सांगणारी ती एकटीच. ती म्हणाली, "तुमच्यासारखं असणं म्हणजे निरोगी? मग आम्ही सगळेच आजारी." तेव्हापासून लाँड्रीत माझं नाव पडलं, तुलनेच्या बाई. मी रागावल्याचं सोंग केलं, कारण खुश झाल्याचं दाखवण्याची मला सवय नाही.

तर ती सकाळ. उपाशीपोटी बोलावलं होतं. लांब खोली, भिंतींना फिका हिरवा रंग, ओळीने आरामखुर्च्या आणि त्यांच्यावर पांढरी आच्छादनं. आच्छादनं आमच्याच लाँड्रीतली. एकाच्या कडेला चुणी राहिली होती, ती मी नखाने सरळ केली आणि ते घडी घालणारीचं नाव मनात टिपून ठेवलं. मग साखरेचं पाणी दिलं, दात शिवशिवतील इतकं गोड, आणि सांगितलं की आता नुसतं बसायचं, मधून मधून रक्त काढू. शेजारच्या खुर्चीत एक गाण्याचे मास्तर होते, रोग्यांच्या गटातले. अंगाने थोराड, ओठ जाड, आणि पेला धरलेला हात असा की पेला बाहुलीच्या खेळातला वाटावा. पूर्वी वरच्या पट्टीत गायचे म्हणे, आता आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. मला त्यांची मनापासून दया आली. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वळून, अगदी घरच्यासारखं विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?" काय, मी विचारलं. "आपलं हे." आपलं. मी पेला खाली ठेवला. म्हटलं, मास्तर, मी रोगी नाही, मी तुलनेची. ते "असं होय" म्हणाले, क्षणभर माझ्या हातांकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. सभ्य माणूस. सभ्यपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता. आणि त्यानंतर थोड्याच वेळात डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला, तो खाली ठेवला नाही.

पुढे काही दिवसांनी, आणखी दोन तपासण्या राहिल्यात म्हणून, डोक्याचा आणि छातीचा फोटो काढून घेतला, आणि मग निरोप आला, एकदा येऊन जा. निरोप सुईनेच आणला आणि तो सांगताना ती ताटाकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत टेबल, त्याच्यावर डोक्याची एक प्लास्टिकची प्रतिमा, अर्ध्यात कापलेली, बिचारीला ना केस ना लाज. सुई माझ्या मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. चौकटीला टेकायची तिची जुनीच खोड आहे. बाई म्हणाल्या, "मावशी, साखर पोटात गेली की रक्तातलं वाढीचं हार्मोन खाली यायला हवं. निरोगी माणसाचं येतंच. तुमचं पहिल्या नळीत जेवढं होतं तेवढंच शेवटच्या नळीत. खाली आलं नाही." मी खुर्चीत मागे रेलले. म्हटलं, बाई, माझी सासू मरेपर्यंत हेच सांगत होती, तिने तर रक्तही काढलं नव्हतं. बाई हसल्या, पण पुढचं सांगायचं सोडलं नाही. ती प्लास्टिकची प्रतिमा उघडून नाकाच्या मागे, पार आत, वाटाण्याएवढा दाणा दाखवला. पीयूष ग्रंथी. पीयूष म्हणजे अमृत. त्या अमृताच्या दाण्यावर माझ्या एक गाठ आहे, कर्करोगाची नाही, साधी, पण ती वाढीचा रस गाळत बसली आहे, वाढायचं वय सरलं तरी. त्यानेच हात वाढतात, पाय वाढतात, हनुवटी पुढे येते, जीभ जाड होते, आवाज जड होतो, घाम सुटतो. "हृदयसुद्धा मोठं होतं. तुमचं झालंय," त्या म्हणाल्या. "हे जरा घरी येऊन सांगा," मी म्हटलं, "तिथे कुणी मानत नाही." मागे सुई हसली नाही. एरवी ती अशा बोलण्याला नाकातून बारीकसं हसते, मला ऐकू येईल इतपतच. मग बाई म्हणाल्या की गाठ काढावी लागेल आणि तीही नाकातून. नाकातून. ज्या नाकावर मी आजवर माशी बसू दिली नाही त्याच्यात हे लोक हत्यारं घालणार. आणि उठताना, अगदी सहज, त्या म्हणाल्या, "तुलनेच्या गटात आता तुम्हाला ठेवता येणार नाही, नाव काढावं लागेल." गाठ आहे म्हणाल्या तेव्हा मी जागची हलले नव्हते. या वाक्याला हलले.

घरी येऊन मी आरशासमोर बसले. तिथे मला रोगी दिसली नाही, मीच दिसले. माझ्या चेहऱ्याला घाबरून कामाला लागलेली माणसं मी इतकी बघितली आहेत की हा चेहरा माझा पगारी मुकादम आहे असं मला वाटत आलंय. लग्न होऊन आले तेव्हा हा नव्हता. तेव्हाचा एक फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे, नवऱ्याशेजारी उभी असलेली, चिमणीच्या तोंडाची, हातरुमालाच्या घडीवर बोटं ठेवलेली एक मुलगी. बोटं इतकी बारीक की मी सदऱ्यांची काजघरं करायचे, दुसऱ्या कुणाला जमत नसत. आवाजही बारीक, सासू हाक मारी आणि मी ओ दिलेली तिला ऐकूच येत नसे, मग त्यावरून वेगळं बोलणं. मग नवरा गेला, अचानक, पिळायच्या यंत्राला हात टेकून उभा होता तो खालीच बसला. मुलगा लहान होता. दीर म्हणाले लाँड्री विकून टाकू, बाईमाणसाचं काम नाही, ओली चादर म्हणजे काय वजन असतं ठाऊक आहे का. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि माझ्यातून एक आवाज निघाला. मला तो नीट आठवतो. जाड, खालचा, जमिनीतून आल्यासारखा. "विकायची असेल तर मला ओलांडून विका," एवढंच म्हटलं. दीर गप्प झाले. मी स्वतःसुद्धा जरा दचकले होते, इकडेतिकडे बघितलं होतं की बोललं कोण. पुढे सगळं त्या आवाजानेच केलं. यंत्रांच्या घरघरीवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. हातही तसेच. ओल्या चादरीचा पीळ मी एकटी देते, दोन बायांचं काम, आणि आमची घडी बाहेर पडते ती परीटघडी, तिच्यावर बोट ठेवायचीही लोकांना भीती वाटते. मी नेहमी म्हणत आले, कामाने हात मोठे झाले, दुःखाने आवाज जाड झाला. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की पाठ झालंय. आणि आता एक बाई प्लास्टिकचं डोकं उघडून सांगत होती की ते तसं नाही, नाकामागे एक दाणा होता. म्हणजे दिरांना गप्प कुणी केलं? मी की दाण्याने? हा विचार आला की मला पायरी चुकल्यासारखं व्हायचं. आजार झाल्याचं दुःख मला नव्हतं, आजार सगळ्यांना होतात. माझं कर्तृत्व दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघत होतं, त्याची आग होती. आणि भीती एकच. दाण्यावरची गाठ काढली आणि आवाज गेला, तर उद्या लाँड्रीच्या दारात कोण उभं राहील? ती चिमणी? तिची ओ तर पलीकडच्या खोलीतही पोचत नव्हती.

म्हणून मी नाही म्हणून सांगितलं. मुलगा समजवायला आला, तो वडिलांवर गेलाय, समजवता समजवता स्वतःच समजतो आणि परत जातो. सुईने समजावलं नाही. फक्त म्हणाली, ऑपरेशन नको तर नको, पण डोळ्यांची एक तपासणी राहिलीय, ती करून टाका, तिला काही कापावं लागत नाही. मला वाटलं, चला, एक तरी परीक्षा पास होऊन दाखवू. डोळ्यांबद्दल मला कुणी शिकवायला नको. लाँड्रीत माझी ख्यातीच ती आहे, मान न वळवता बघणारी. समोर हिशेबाचं बोलत असले तरी डावीकडे कोण निळीत हात घालून गप्पा मारतेय, उजवीकडे कोण भिंतीला टेकलंय, सगळं कोपऱ्यातून दिसतं. "टेकू नकोस, चुना लागेल," मी मान न वळवता म्हणायचे, आणि टेकलेली बाई अशी सरळ व्हायची जशी कुणी मागून खळ घातली. अलीकडे हे वाक्य कमी झालं होतं खरं. मी समजत होते बायकांना शिस्त लागली.

त्या तपासणीचं यंत्र म्हणजे एक मोठं पांढरं भांडं, आडवं ठेवलेलं. त्याच्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकायची. माझी हनुवटी त्यांच्या टेकूत मावेना, टेकू खाली करावा लागला. समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि भांड्यात कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं. पहिले काही दिवे दिसले, मी दाबलं. मग बराच वेळ काही दिसेना. मागे बसलेली तपासणारी मुलगी काही बोलेना. मला आपलं वाटू लागलं की दिवे लागताहेत आणि मीच मागे पडतेय, ती मुलगी काय म्हणेल, सुनेच्या इस्पितळात सासू बटण दाबू शकली नाही. यंत्राचा एक ताल असतो, मी जन्मभर यंत्रांशेजारी काढलाय. टक्, थांबून टक्, थांबून टक्. मी त्या तालावर दाबत सुटले. दिसो न दिसो. बाहेर आले ती रुबाबात. डॉक्टरीणबाईंनी निकाल बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "मावशी, जिथे दिवा लागलाच नव्हता तिथेही तुम्ही दाबलंय. यंत्र मधेच मुद्दाम दिवा न लावता थांबतं, माणूस खरं दाबतोय का बघायला." मी म्हटलं, मग यंत्र लबाड आहे, त्यात माझा काय दोष? "दोष नाही," त्या म्हणाल्या, "पण हे बाद. पुन्हा करू, तुम्हाला वाटेल तेव्हा." बाद हा शब्द मी चादरींसाठी वापरते.

आणि मग लाँड्रीतली ती गोष्ट झाली. गोष्ट म्हणण्यासारखं त्यात काही नाही, कुणाला सांगितलं तर म्हणेल एवढंच ना. सकाळची गर्दी होती, वाफ कोंदलेली, हॉटेलाच्या चादरी वेळेत जायच्या होत्या, आणि मला इस्त्रीवाली दिसेना. मी समोर बघून आवाज दिला, माझा तो आवाज. म्हटलं, महाराणी कुठे गेल्या, की पालखी पाठवू? तोंड सुटलं की सुटतं माझं, म्हटलं, म्हातारी झाली की माणसाचे पाय कामाकडे वळत नाहीत, चहाकडे वळतात. तेव्हा अगदी माझ्या कोपराजवळून, उजव्या बाजूने, हळूच आवाज आला, "इथेच आहे मी, बाई. मघापासून." मी मान वळवली. ती उभी होती, माझ्या बाहीला तिची बाही लागेल इतक्या जवळ, हातात घड्यांची चळत. या बाईला मला टोमणा मारायची इतकी सोन्यासारखी संधी आयुष्यात मिळाली नव्हती. तिने ती सोडून दिली. आणि बाकीच्या, ज्या माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात हे मला चांगलं ठाऊक आहे, त्यातली एकही हसली नाही. यंत्रं चालू होती. सगळ्या आपापल्या कामाकडे बघत होत्या, एकजात, फार मन लावून. त्या हसल्या असत्या तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. पण त्यांना माहीत होतं. माझ्या कोपऱ्यांत अंधार आहे हे माझ्या आधी त्यांना कळलं होतं, आणि त्या ते माझ्यापासून सांभाळत होत्या, जशी मी त्यांच्या घरची भांडणं एकमेकींपासून सांभाळते. मग एकेक आठवायला लागलं. चौकटी अलीकडे खांद्याला लागायच्या, मी सुताराला बोलावून दरवाजा सरकलाय का ते बघ म्हणून सांगितलं होतं. सुई मांजरासारखी येऊन उभी राहते म्हणून मी तिला बोलायचे, आणि मग ती समोरून, पायांचा आवाज करत येऊ लागली होती. वाफेत उभी राहून मी हे सगळं एकामागून एक घडी करत गेले.

त्या संध्याकाळी मी सुईला बाहेरच्या खोलीत बसवलं. समोर, मला दिसेल अशी. विचारलं, "तुला माहीत होतं?" काय, तिने विचारलं नाही. म्हणाली, "शंका होती." "कधीपासून?" "लग्न होऊन आले तेव्हापासून." आणि तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, ही कोण? ह्यांनी सांगितलं, आई. मला वाटलं चेष्टा करताहेत. तुम्ही रोज एकमेकांना बघता, त्यामुळे कुणाला दिसत नाही. मी नवी होते." मी म्हटलं, "आणि मला निरोगी म्हणून घेऊन गेलीस." "आजारी म्हणून आला असतात?" मी पदर खांद्यावर ओढला. "डॉक्टरीणबाईंना आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ज्याला त्याला गटात घेण्याआधी तपासतातच. तुमची तेवढीच तपासणी झाली, आई. गटात नाव पडलंच नव्हतं." "मग ते नाव काढणं?" "तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील, की आधी होतं." म्हणजे माझ्या मापाने कुणालाही मोजलं गेलं नव्हतं. लाँड्रीभर मिरवलेलं माझं नाव हवेतलं होतं. मी बघत राहिले तिच्याकडे. एवढीशी, कपाळावर घामाचा थेंब, पण नजर खाली नाही. म्हटलं, "तुलना तुलना म्हणून नाचवलंस मला." ती म्हणाली, "तुलना तर केलीच होती. तुमची, तुमच्याशीच." आणि पुन्हा फोटोकडे बघितलं. माझ्या सासूने मला कधी असं बघितलं नाही, नवऱ्याने बघितलं असेल पण बोलला नाही. आणि ही काल आलेली पोर मला भिंतीवरून उतरवून माझ्याच शेजारी उभी करून बघत होती, आणि मला फसवून, गोड बोलून, माझ्याच गर्वाला दोरी बांधून इस्पितळात घेऊन गेली होती. दिरांना जमलं नाही ते तिला जमलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला वाटलं, घर योग्य हातांत जाणार. म्हटलं, "ऊठ, चहा टाक. साखर घाल माझ्यात, ते काही तिने खाली येणार नाहीये." तेव्हा ती नाकातून बारीकसं हसली.

दुसऱ्यांदा त्या भांड्यात तोंड घातलं तेव्हा ठरवलं होतं, दिसेल तेव्हाच दाबायचं. हे मी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम. ओल्या चादरी उचलणं त्याच्यापुढे काहीच नाही. ठिपक्याकडे बघत बसले. एक दिवा, दाबलं. मग काही नाही. ताल ऐकू येत होता, टक्, थांबून टक्, माझा अंगठा त्या तालावर उठायचा आणि मी त्याला धरून ठेवायचे. पांढरं भांडं मधे उजळलेलं आणि दोन्ही कडांना, डावीकडे आणि उजवीकडे, काहीच नाही. अंधारही नाही. अंधार दिसतो. तिथे दिसण्याचं ठिकाणच उरलं नव्हतं. त्या नसलेल्या ठिकाणी कोण कोण उभं राहून गेलं असेल, इस्त्रीवाली, सुई, माझा मुलगा, मला काही दाखवायला, काही सांगायला, आणि मी समोर बघत बसलेली, सगळं दिसतंय अशा थाटात. मला वाटलं, आवाज कुठूनही आला असेल. दाण्यातून आला असेल. पण दिरांपुढे काय बोलायचं ते दाण्याला ठाऊक नव्हतं. दाणा नुसता वाढवतो. शब्द माझे होते. ज्यांना जगभर अशीच गाठ असेल त्या सगळ्यांनी काही लाँड्र्या वाचवल्या नाहीत, मास्तरांचं तर गाणंच गेलं. बटण हातात होतं, अंगठा शांत होता. मागची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "छान, मावशी, असंच." न दाबल्याबद्दल कुणी मला छान म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ डोळ्यांच्या नसा दाबतेय, ती काढली तर कडांचं दिसणं परत येऊ शकतं. मी म्हटलं, काढा. एकच विचारलं, आवाज जाईल का? त्या म्हणाल्या, "हाडं वाढलीत ती तशीच राहतील. सूज उतरेल, हात जरा हलके होतील. आवाज बहुतेक असाच राहील. पण खात्री देत नाही." खात्री दिली असती तर मी विश्वास ठेवला नसता. ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते, करणारे जागे होते, तसं असलेलंच बरं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे, तोंडाने श्वास, जीभ कोरडी, आणि समोर सुई. "काही बोला, आई," ती म्हणाली. मला कळलं तिला काय ऐकायचंय. मी ओठ उघडले आणि मुद्दाम थोडा वेळ लावला, तेवढा सूड माझ्या हक्काचा होता. मग म्हटलं, "उशीचा अभ्रा कुणी धुतलाय? खळ जास्त झालीय." आवाज बोळ्यांमधून आला, चेपलेला, पण खालचा, जाड, जमिनीतून. तिने तोंड फिरवलं. घरी सोडताना नर्सने सूचना वाचून दाखवल्या, नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि बरेच दिवस खाली वाकायचं नाही. "शेवटचं सांगायची गरज नव्हती," मी म्हटलं.

मग पुन्हा एकदा ती लांब खोली, फिका हिरवा रंग, तेच गोड पाणी. आच्छादनांना चुणी नव्हती. मी बोट फिरवून बघितलं, बोट आता जरा सैल होतं, पेराच्या वर कातडीला घडी पडत होती. पलीकडे तेच मास्तर. ते माझ्याकडे बघून जपून हसले, खिडकीकडे वळायच्या बेतात होते. मीच विचारलं, "काय मास्तर, कसं आहे आपलं?" ते थांबले. पेला मांडीवर ठेवला. "आपलं बरं आहे," म्हणाले, "इंजेक्शन लागू पडतंय म्हणतात. खालच्या पट्टीत गायला लागलोय." मी म्हटलं, खालची पट्टीच खरी, वरच्या पट्टीत काय, कुणीही किंचाळतं. मास्तर इतक्या मोठ्याने हसले की ओळीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. पुढे रक्त, पुन्हा रक्त. काही दिवसांनी त्याच टेबलापाशी, त्याच अर्ध्या डोक्यासमोर, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाली आलं, मावशी. अगदी हवं तेवढं." मी म्हटलं, "ते आलं, मी नाही. लिहिताना नीट लिहा." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या की बऱ्या झालेल्यांचा एक गट त्या करताहेत, त्यात माझं रक्त धरलं तर चालेल का. पुढे जे ऑपरेशनला येतील त्यांची याच गटाशी तुलना करायची. "म्हणजे माझ्या मापाने मोजणार?" "तुमच्यासारख्यांच्या," त्या म्हणाल्या. मी होकार द्यायला जरा वेळ लावला, तेवढा मान मी ठेवून घेतला.

त्या काहीतरी लिहायला लागल्या. खोलीत पेनाचा आवाज. मी समोर बघत होते, त्या अर्ध्या डोक्याकडे, सरळ, मान ताठ. डावीकडे, अगदी कोपऱ्यात, जिथे मधे इतका काळ काहीच नव्हतं, तिथे काहीतरी पांढरं हललं. कोट. मग कोटाची बाही. मग एक बारीक हात, आणि एक खांदा, हळूहळू मागे सरकत, चौकट सोडून शेजारच्या भिंतीकडे, सवयीने.

"टेकू नकोस," मान न वळवता मी म्हटलं, "चुना लागेल."